एअर डेक्कन

भारतातील पहिली अल्पदर अंतर्देशीय विमानसेवा. बंगळूर (बेंगळुरू) येथील डेक्कन एव्हिएशन या हेलिकॉप्टर-सेवा पुरविणाऱ्या कंपनीने ती ऑगस्ट २००३ मध्ये सुरू केली. कॅप्टन जी. आर. गोपीनाथ (१९५१– ) हे तिचे प्रमुख संस्थापक होत. अवघ्या पाच वर्षांत या विमानसेवेचे नाव व्यवहारातून नाहीसे झाले. तथापि भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासात तिचे स्थान तिच्या आयुर्मानाच्या मानाने पुष्कळच मोठे आहे. विमानप्रवास हा उच्च अधिकारी, व्यापारी व श्रीमंत यांच्यापुरताच असतो, ही समजूत तिने मोडून काढली. त्याचबरोबर मागणी अमाप असूनही स्वस्त विमानसेवा आर्थिक दृष्ट्या टिकविणे किती अवघड आहे, हेही तिच्या अनुभवावरून दिसून आले.

अल्पदर विमानसेवेची संकल्पना : या प्रकारच्या सेवेचा उगम अमेरिकेत झाला. टेक्सस राज्यात रॉलिन किंग व हर्ब केलहर यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीस प्रतिस्पर्ध्यांनी दीर्घकाळ न्यायालयात गुंतवून ठेवले. अखेर १८ जून १९७१ रोजी ‘साउथवेस्ट एअरलाइन्स’ या नावाने डॅलस, ह्यूस्टन व सॅन अँटोनिओ या तीन शहरांदरम्यान तिची सेवा सुरू झाली. सर्व उड्डाणे एकाच राज्यात होत असल्याने भाडे ठरविणाऱ्या संघीय मंडळाचे नियंत्रण तिला लागू होत नव्हते. पुढे पैशाच्या अडचणीमुळे चारपैकी एक विमान विकणे तिला भाग पडले. तेव्हा विमानतळावरील थांबा दहा मिनिटांवर आणून तेच वेळापत्रक तिने तीन विमानांवर चालविले. १९७८ मध्ये अमेरिकेतील हवाई वाहतुकीवरील नियंत्रणे उठली आणि या पद्धतीचा प्रसार होऊ लागला. यूरोपात रायनएअर व ईझीजेट या कंपन्यांनी १९९० नंतरच्या दशकात, तर मलेशियात एअरएशियाने २००१ नंतर तिचा अवलंब केला.

भाडे कमी करणे हे या पद्धतीचे फलित असते, साधन नव्हे. साधन असते ते दर आसनामागील खर्च कमी करणे. एकाच जातीची विमाने ठेवल्याने वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग व देखभाल यांवरील खर्च घटतो. विमान जमिनीवर जितका कमी वेळ उभे राहील तितकी त्याची दिवसातील उड्डाणे वाढतात व त्यावरील भाडेपट्टीचा किंवा व्याजाचा भार अधिक प्रवाशांत विभागला जातो. उच्च वर्गाची आसने काढून टाकल्यास तेवढ्याच जागेत अधिक प्रवासी बसतात. विनामूल्य भोजन, छापील तिकिटे व मध्यस्थांचे अडत-शुल्क यांना फाटा दिला जातो. उडालेल्या विमानातील रिकामे आसन ही पुन्हा कधीही विकता न येणारी वस्तू असल्याने, लवकर तिकीट घेणाऱ्यास ते अतिशय स्वस्त व ऐन वेळी येणाऱ्यास महाग, अशी चढती भाडेपद्धती अवलंबिली जाते.

भारतातील पार्श्वभूमी : जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपालाचे विमान आणले व भारतीय विमान कंपनीच्या नियमित हवाई सेवेचा प्रारंभ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या जुन्या लष्करी विमानांच्या बळावर अनेक खाजगी कंपन्या निघाल्या. परंतु त्यांपैकी बहुतेक तोट्यात गेल्या. १९५३ च्या हवाई निगम अधिनियमान्वये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आठ कंपन्यांच्या विलीनीकरणातून ‘इंडियन एअरलाइन्स’ हे निगम निर्माण झाले. या आठांत हैदराबादची ‘डेक्कन एअरवेज’ हीही एक होती. नावाचे साम्य असले, तरी प्रस्तुत कंपनीशी तिचा संबंध नाही. यापुढील सु. चार दशके अंतर्देशीय विमान वाहतुकीत सरकारी मक्तेदारी राहिली. लहान शहरे, विशेषतः ईशान्य भारतातील दुर्गम स्थळे जोडण्यासाठी १९८१ मध्ये ‘वायुदूत’ ही स्वतंत्र सरकारी सेवा सुरू करण्यात आली. मात्र ती तोट्यातच राहिली व १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. लहान शहरांच्या विमानसेवेचा प्रश्न हा असा जुनाच आहे.

१९९० च्या सुमारास हवाई टॅक्सी धोरणाखाली खाजगी कंपन्यांना पुन्हा वाव मिळाला आणि १९९४ मध्ये मक्तेदारीचा कायदा रद्द झाला. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी, सहारा व जेट एअरवेज या कंपन्या या काळात पुढे आल्या. त्यांपैकी बहुतेकींचा अल्पावधीत अस्त झाला. ज्या टिकल्या त्यांनी सरकारी कंपनीपेक्षा वेळेचे अधिक काटेकोर पालन व अधिक चांगला पाहुणचार यांवर भर दिला. भाडे मात्र जवळजवळ सारखेच ठेवले. परिणामी स्पर्धा आली, पण प्रवासीवर्गाचा सामाजिक थर बदलला नाही. २००३ च्या सुमारास शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात अंतर्देशीय विमानप्रवाशांची वार्षिक संख्या सु. दीड कोटीच होती. एकच व्यक्ती वर्षातून अनेकदा प्रवास करीत असल्याने प्रत्यक्ष विमानाने जाणाऱ्या माणसांची संख्या याहूनही बरीच कमी असली पाहिजे. संस्थानी काळात व महायुद्धाच्या वेळी बांधलेल्या अनेक धावपट्ट्या नियमित सेवेविना पडून होत्या.

संस्थापक व स्थापना : गोपीनाथ यांचे घराणे कर्नाटकातील हासन जिल्ह्यातील गोरूर गावचे. १९७१ च्या बांगला देश युद्धात त्यांनी लष्करी अधिकारी म्हणून भाग घेतला आणि पुढे तरुणपणीच लष्करी सेवा सोडली. हेमावती धरणात वडिलोपार्जित जमीन बुडाल्याने तिच्या मोबदल्यात जावगल परिसरात मिळालेल्या कोरडवाहू जमिनीवर त्यांनी शेती केली. निसर्गानुकूल रेशीम-उत्पादनाच्या त्यांच्या प्रयोगास १९९६ मध्ये रोलेक्स पुरस्कार लाभला. लष्करातील सहकारी व वैमानिक कॅप्टन के. जे. सॅम्युएल यांच्या साहाय्याने त्यांनी डेक्कन एव्हिएशन ही कंपनी उभारली आणि १९९७ पासून तिची हेलिकॉप्टर-सेवा सुरू झाली. निवडणूक-प्रचार, खनिज-सर्वेक्षण, रुग्णांची ने-आण, तीर्थयात्रा अशा विविध कामांसाठी देशभर फिरताना लहान शहरांतून वाढत असलेली क्रयशक्ती व त्यांना विमानसेवेचा असलेला अभाव या दोन्ही गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या. साउथवेस्ट, रायनएअर इत्यादींच्या पद्धतीची सांगड या निरीक्षणाशी घालून त्यांनी नव्या विमानसेवेची आखणी केली. आगगाडीच्या वरच्या वर्गाने जाणाऱ्या प्रवाशास आपला ग्राहक मानणे, हे या आखणीचे मूलसूत्र होते. स्पर्धा अन्य विमान कंपन्यांशी नसून रेल्वेशी आहे, असा त्याचा अर्थ होता.

प्रारंभ : ऑगस्ट २००३ मध्ये बंगळूर–हुबळी मार्गाने सेवेस आरंभ झाला. त्यासाठी ‘एटीआर-४२’ या जातीची, सु. ४८ आसनांची, पंख्यांच्या इंजिनांची विमाने भाडेपट्टीवर घेण्यात आली. भाडे प्रचलित दराच्या जवळजवळ निम्मे ठेवण्यात आले. २४ सप्टेंबर २००३ रोजी हैदराबाद–विजयवाडा या नव्या मार्गाच्या उद्घाटनाच्या वेळी बेगमपेट विमानतळावर एका इंजिनातून ज्वाळा निघाल्याने उड्डाण सोडून द्यावे लागले. विमानात केंद्रीय मंत्र्यासह अनेक प्रतिष्ठित व्यक्ती होत्या. कोणासही इजा झाली नाही. परंतु ‘स्वस्त म्हणजे असुरक्षित’ ही शंका या नव्या उपक्रमास आरंभीच घेरून राहिली. सुरक्षेचे नियम सर्व कंपन्यांना सारखेच असतात व काटकसर केवळ सुखसोयींत करावयाची असते, हे लोकांस पटविण्याचे काम कंपनीस करावे लागले.

लहान विमानांच्या निवडीमागे निश्चित हिशेब होता. भारतात विमानाच्या इंधनावर राज्ये विक्रीकर आकारीत व काही राज्यांत तो २५ टक्के वा त्याहूनही अधिक असे. ठराविक वजनाखालील पंख्यांच्या विमानांना मात्र हा कर ४ टक्केच पडे. तसेच ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना विमानतळावर उतरण्याचे शुल्क माफ करण्यात आले. आखूड धावपट्टीवरही ही विमाने उतरू शकत. त्यामुळे मोठ्या जेट विमानास जेथे जाणे शक्य नव्हते किंवा परवडत नव्हते, तेथे एअर डेक्कन पोहोचू शकली. अनेक शहरांना कित्येक वर्षांनंतर, तर काहींना प्रथमच नियमित विमानसेवा मिळाली.

विक्रीची पद्धत व प्रवासीवर्ग : छापील तिकीट व प्रवासी-दलाल यांना वगळून इंटरनेट व दूरध्वनी यांद्वारे थेट विक्री करण्यावर कंपनीचा भर होता. रेल्वेने २००२ मध्ये इंटरनेटवरून आरक्षण सुरू केले होते. तरीही संगणक व क्रेडिट कार्ड या गोष्टी तेव्हा मूठभरांकडेच होत्या. म्हणून पेट्रोल पंपांसारख्या ठिकाणीही तिकिटे उपलब्ध करण्यात आली. विमानात क्रमांकित आसने नसत. आधी येईल त्याने हवी ती जागा घ्यावी, अशी एस. टी. बसमधील प्रवाशास परिचित असलेली रीत होती. खाद्यपदार्थ व पाण्याची बाटली विकत घ्यावी लागे. विमानाच्या बाह्यांगावर जाहिराती रंगवून पूरक उत्पन्न मिळविले जाई. कंपनीने आपले बोधचिन्ह म्हणून व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ निवडला. मुंबईच्या दैनिकात अनेक दशके मूकपणे देशाचे व्यवहार पाहणारा, चौकटीच्या कोटातील हा सामान्य माणूस आता विमानात चढणार, हा त्यामागील आशय वेगळा सांगावा लागला नाही. पहिल्यांदाच विमानात बसणारे वृद्ध आईवडील, लहान व्यापारी, विद्यार्थी व नोकरीच्या मुलाखतीस निघालेले तरुण हा या सेवेचा वैशिष्ट्यपूर्ण प्रवासीवर्ग होता.

विस्तार व ताण : २००४ मध्ये कंपनीने १८० आसनांची एअरबस ए-३२० ही जेट विमाने घेऊन महानगरांना जोडणाऱ्या मार्गांवर प्रवेश केला. काही मोजकी आसने एक रुपया भाड्यात (कर वगळून) देण्याची तिची योजना विशेष गाजली. इंडियन एअरलाइन्स व जेट एअरवेज यांनाही निवडक भाडी खाली आणावी लागली, हा या स्पर्धेचा सर्व प्रवाशांस झालेला लाभ होय. २००७ पर्यंत कंपनीच्या ताफ्यात चाळिसाहून अधिक विमाने आली व ती साठांहून अधिक ठिकाणी जाऊ लागली.

मात्र हा विस्तारच तिला पेलेनासा झाला. एटीआर व एअरबस अशा दोन जातींची विमाने ठेवल्याने वैमानिक, सुटे भाग व देखभाल यांची व्यवस्था दुहेरी झाली आणि मूळ पद्धतीतील एक प्रमुख बचत हातची गेली. मोठ्या विमानांना इंधनकराची सवलत नव्हती. मुंबई व दिल्ली येथील विमानतळांवर गर्दी वाढून विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागत. त्यात इंधन व वेळ दोन्ही वाया जात. अल्पदर सेवेचा पाया म्हणजे विमानाचा वेगवान फेरा. तोच अशा रीतीने खिळखिळा झाला. विलंब व रद्द उड्डाणे यांमुळे प्रवाशांची नाराजी ओढवली. २००५ मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट व गोएअर आणि ४ ऑगस्ट २००६ रोजी इंडिगो या कंपन्या स्पर्धेत उतरल्या. त्यामुळे अनुभवी वैमानिकांची टंचाई निर्माण होऊन वेतने भडकली व भाडी उत्पादनखर्चाच्याही खाली गेली. २००६ च्या मध्यास कंपनीने भाग-विक्रीस काढले, तेव्हा भांडवल बाजारात मंदी आली होती. विक्रीची मुदत वाढवावी लागली आणि किंमतही उतरवावी लागली. ज्या वेगाने पैसा खर्च होत होता, त्या वेगाने भांडवल मिळणे या टप्प्यावर दुरापास्त झाले.

विलीनीकरण व अस्त : २००७ हे वर्ष भारतीय हवाई वाहतुकीत एकत्रीकरणाचे ठरले. जेट एअरवेजने सहारा कंपनी विकत घेतली, एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या आणि विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाने डेक्कन एव्हिएशनचे २६ टक्के भाग ५५० कोटी रुपयांस घेतले. या व्यवहारामागे एका नियमाचाही हात होता. पाच वर्षांची देशांतर्गत सेवा व वीस विमाने असल्याखेरीज भारतीय कंपनीस परदेशी उड्डाण करता येत नसे. २००५ मध्ये निघालेल्या किंगफिशरला त्यासाठी २०१० पर्यंत थांबावे लागले असते. डेक्कनची पाच वर्षे मात्र ऑगस्ट २००८ मध्ये पूर्ण होत होती. म्हणून कायद्याच्या दृष्टीने किंगफिशरच डेक्कन एव्हिएशनमध्ये विलीन करण्यात आली व नंतर त्या कंपनीस किंगफिशरचे नाव देण्यात आले. सप्टेंबर २००८ मध्ये तिचे विमान बंगळूरहून लंडनला गेले.

एअर डेक्कनचे नाव प्रथम ‘सिंप्लीफ्लाय डेक्कन’ व ऑगस्ट २००८ मध्ये ‘किंगफिशर रेड’ असे झाले. ऐषारामासाठी ओळखली जाणारी सेवा व काटकसरीवर उभी असलेली सेवा एकाच छत्राखाली नांदणे कठीण होते. त्याच वर्षी खनिज तेलाचे भाव जुलैमध्ये पिंपास सु. १४७ डॉलरपर्यंत चढले. सप्टेंबर २०११ मध्ये किंगफिशरने अल्पदर सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये खुद्द किंगफिशरचाच परवाना निलंबित झाला. तिच्या कर्मचाऱ्यांची अनेक महिन्यांची वेतने थकली होती.

उत्तरकाल : कंपनी बुडाली तरी पद्धत टिकली. इंडिगोने २००५ मध्येच शंभर ए-३२० विमानांची मागणी नोंदविली होती. विमाने घाऊक सवलतीत घेऊन भाडेपट्टी कंपन्यांस विकावयाची व पुन्हा त्यांच्याकडूनच भाड्याने घ्यावयाची, दीर्घकाळ एकच जात ठेवावयाची व वेळापत्रक कसोशीने पाळावयाचे, या सूत्रांवर ती २०१२ मध्ये देशातील सर्वांत मोठी अंतर्देशीय विमान कंपनी झाली. अंतर्देशीय प्रवाशांची वार्षिक संख्या २०१९ मध्ये १४ कोटींवर आणि कोविड साथीतील घसरण भरून काढून २०२४ मध्ये १६ कोटींवर गेली. याच काळात जेट एअरवेज (एप्रिल २०१९) व पूर्वीची गोएअर म्हणजेच गो फर्स्ट (मे २०२३) यांची उड्डाणे थांबली, तर ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई–अहमदाबाद मार्गावर ‘आकासा एअर’ ही नवी अल्पदर सेवा सुरू झाली. प्रवासी वाढत असतानाही कंपन्या बुडाव्यात, हे भारतीय हवाई वाहतुकीचे वैशिष्ट्य यावरून लक्षात येते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हाही विमानाचे इंधन त्याबाहेरच ठेवण्यात आले.

लहान शहरांचा प्रश्न मात्र बाजाराने सोडविला नाही. स्पर्धेत टिकलेल्या कंपन्या मोठ्या विमानांच्या व म्हणून मोठ्या शहरांच्या मागे गेल्या. तेव्हा केंद्र शासनाने २०१६ मध्ये ‘उडान’ ही प्रादेशिक हवाई जोडणी योजना जाहीर केली. सु. एका तासाच्या प्रवासासाठी ठराविक आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवावयाचे व कंपनीस येणारी तूट तीन वर्षे अनुदानाने भरून द्यावयाची, असे तिचे आरंभीचे स्वरूप होते. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला–दिल्ली मार्गाबरोबरच नांदेड–हैदराबाद मार्गाचेही उद्घाटन झाले. याच योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कन हे नाव पुन्हा आकाशात दिसले. १८–१९ आसनांच्या छोट्या विमानांनी तिने जळगाव व नासिक यांसारखी महाराष्ट्रातील शहरे जोडण्याचा प्रयत्न केला. परंतु सेवेत खंड पडत राहिला व एप्रिल २०२० मध्ये कोविड टाळेबंदीच्या काळात ती थांबली. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२३ च्या अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गांवर सेवा सुरू झाली. त्यांपैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी केली आणि त्यानंतरही, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिलेले मार्ग केवळ ५४ होते.

मूल्यमापन : गोपीनाथ यांनी २००९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यावर आधारित सूररै पोट्रु हा तमिळ चित्रपट २०२० मध्ये व त्याची हिंदी आवृत्ती सरफिरा २०२४ मध्ये प्रदर्शित झाली. हिंदी आवृत्तीतील नायक मराठी दाखविला आहे. चित्रपटांत साहजिकच एका जिद्दी माणसाने प्रस्थापितांवर मिळविलेल्या विजयास प्राधान्य मिळाले आहे. इतिहासाच्या दृष्टीने पाहता, हा विजय कल्पनेचा होता, कंपनीचा नव्हता. मध्यम व निम्न मध्यम वर्गाला विमानप्रवास हवा आहे व परवडेल अशा दरात मिळाल्यास तो वर्ग तत्काळ पुढे येतो, हे एअर डेक्कनने सिद्ध केले. तथापि इंधनावरील कर, विमानतळांची क्षमता व परकीय चलनात द्यावी लागणारी भाडेपट्टी यांसारखे मोठे खर्च कंपनीच्या हाती नव्हते. जे हाती होते, त्यांत ताफ्याचा एकजिनसीपणा व विस्ताराचा वेग या दोन बाबतींत तिने स्वतःच आपली शिस्त मोडली. भाडे खर्चाच्या खाली ठेवल्यास प्रवाशाचा तात्कालिक लाभ होतो. पण त्या तुटीचा भार अखेर भागधारक, धनको, कर्मचारी आणि ज्यांची सेवा प्रथम बंद होते ती लहान शहरे यांच्यावर पडतो. महानगरांपुरता सामान्य माणसाचा विमानप्रवास आज रूढ झाला आहे. हुबळी, विजयवाडा यांसारख्या शहरांपासून ज्या हेतूने या सेवेचा आरंभ झाला, तो सर्वदूर जोडणीचा हेतू मात्र अनुदानाच्या आधारावाचून अद्याप पुरता साध्य झालेला नाही.